पाडलेल्या भिंती, उरलेली पाने : अ‍ॅलास्डेर ग्रे यांची कारकीर्द

काही वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासमंडळाने अ‍ॅलास्डेर ग्रे यांची 'लॅनार्क' ही कादंबरी वाचायला घेतली. मूळ पुस्तकाची सर्वांत मिळून एकच प्रत होती. प्रघाताप्रमाणे तिच्या झेरॉक्स प्रती निघाल्या. पाने पुष्कळ, म्हणून ज्याच्याकडे हे काम सोपवले होते त्याने 'मजकूर नसलेली' पाने वगळून खर्च थोडा कमी केला. तिसऱ्या बैठकीपर्यंत ही गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आली नाही. कथानक, काळाची मोडतोड, वास्तव आणि अद्भुत यांचे नाते अशा सर्व विषयांवर आमची हिरिरीने चर्चा चालू होती. पुढे एका संदर्भासाठी मूळ प्रत हातोहात फिरली, तेव्हा कळले की या कादंबरीच्या प्रत्येक खंडाच्या तोंडाशी लेखकाने स्वतः काढलेले एक पूर्ण पानाचे चित्र आहे आणि आम्ही ती कादंबरी त्या चित्रांखेरीजच वाचत होतो.

काटकसर करणाऱ्या त्या मित्राला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने केले ते वाङ्मयाचा इतिहास फार मोठ्या प्रमाणावर करत आला आहे. लेखक चित्रकारही असला, तर त्याचे चित्र चरित्रातल्या एखाद्या परिच्छेदापुरते उरते. 'छंद', 'दुसरे अंग', 'बहुमुखी प्रतिभा' अशा शब्दांनी त्याची बोळवण होते. चित्रकलेचा इतिहास लिहिणारे हेच उलट्या बाजूने करतात. ग्रे यांच्याबाबतीत दोन्ही बाजूंनी असे घडले. स्कॉटिश कादंबरीच्या विसाव्या शतकातील पुनरुज्जीवनाचे ते आरंभकर्ते मानले गेले, पण त्यांनी रंगवलेल्या भिंती त्यांच्या हयातीतच पाडल्या गेल्या. या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध आहे, हा आमच्या या टिपणाचा विषय आहे.

ग्रे यांचा जन्म २८ डिसेंबर १९३४ रोजी ग्लासगो शहराच्या पूर्वेकडील रिड्री या वसाहतीत झाला. नगरपालिकेने कामगार आणि कनिष्ठ मध्यमवर्गीयांसाठी बांधलेल्या घरांची ही वस्ती. वडील पहिल्या महायुद्धात जखमी झालेले, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात यंत्रावर काम करणारे, समाजवादी विचारांचे आणि वाचनाची आवड असलेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे कुटुंब काही वर्षे यॉर्कशरमधील वेदरबी येथे होते. तेथे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यातील कामगारांच्या वसतिगृहाचे व्यवस्थापक होते. मुलाला दम्याचा विकार होता आणि तो जन्मभर सोबत राहिला. १९५२ मध्ये आई गेली. त्याच वर्षी सतरा वर्षांचे ग्रे ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि १९५७ मध्ये तेथून बाहेर पडले. त्यांचा विषय होता आरेखन आणि भित्तिचित्र. भित्तिचित्राची ही निवड पुढील सर्व विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

चौकटीतले चित्र विकता येते, हलवता येते, भिंतीवरून उतरवून माळ्यावर ठेवता येते. भित्तिचित्राला यापैकी काहीही शक्य नसते. ते एका विशिष्ट इमारतीसाठी असते, त्या इमारतीत येणाऱ्या माणसांसाठी असते आणि ते त्या इमारतीच्याच आयुष्याला बांधलेले असते. म्हणजे भित्तिचित्रकाराला आधी एक समाज लागतो. भिंत देणारा, ती राखणारा आणि तिच्याकडे पुन्हा पुन्हा पाहणारा असा तो समाज हवा. १९५० च्या दशकातील ग्लासगोत ग्रे यांनी असा समाज शोधायला सुरुवात केली. स्कॉटलंड आणि सोव्हिएत संघ यांच्या मैत्रीसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या जागेत त्यांनी युद्धाच्या भीषणतेवर एक भित्तिचित्र केले. त्यानंतर ब्रिजटन या कामगारवस्तीतील ग्रीनहेड चर्चच्या भिंतींवर आणि छतावर बायबलमधील सृष्टीच्या उत्पत्तीची कथा रंगवण्याचे काम त्यांनी हाती घेतले आणि ते कित्येक वर्षे, १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत चालवले. मोबदल्यावर पोट भरावे असे हे काम नव्हते. अर्धवेळ चित्रकलाशिक्षकाची नोकरी आणि नाट्यगृहांसाठी पडदे रंगवणे यांवर संसार चालत होता.

याच सुमारास ग्लासगो स्वतःला पाडू लागले होते. जुन्या, दाट वस्तीच्या चाळवजा इमारती आरोग्याला घातक आहेत हे खोटे नव्हते. पण त्यांच्या जागी काय येणार हे ठरवण्यात तिथल्या रहिवाशांना फारसा वाव नव्हता. वस्त्याच्या वस्त्या रिकाम्या करून माणसे शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींत आणि उंच मनोऱ्यांत हलवण्यात आली. शहराच्या मध्यभागातून एम-आठ हा द्रुतगती मार्ग काढण्यात आला. ग्रे यांचे १९६४ मधील काउकॅडन्स या भागाचे मोठे तैलचित्र या संदर्भात पाहावे. १९५० च्या दशकातील तो परिसर त्यांनी एकाच दृष्टिकोनातून न दाखवता अनेक बाजूंनी वळवून एका पृष्ठभागावर आणला आहे. रस्ते वाकतात, इमारती वेगवेगळ्या दिशांनी झुकतात आणि तरीही ते शहर ओळखू येते. चित्रातले काउकॅडन्स पुढे त्या स्वरूपात राहिले नाही. रस्ता गेला आणि चित्र राहिले. मात्र ग्रीनहेड चर्चच्या बाबतीत रस्त्याबरोबर चित्रही गेले, कारण १९७० च्या दशकात ते चर्चच पाडण्यात आले. ग्रे यांची उमेदीची वर्षे त्या भिंतींबरोबर संपली.

'लॅनार्क' कडे यायचे ते या ठिकाणाहून. मात्र येथे एक सोपा मोह टाळायला हवा. भिंती पाडल्या गेल्या म्हणून चित्रकार कादंबरीकडे वळला, अशी एक सुबक कथा रचता येईल. पण ती खरी नाही. 'लॅनार्क' चे लेखन ग्रे यांनी १९५४ मध्ये, कलाशाळेत विद्यार्थी असतानाच सुरू केले होते. १९६० च्या दशकाच्या आरंभी तिचा पहिला खंड पूर्ण होऊन एका लंडनच्या वाङ्मयीन अभिकर्त्याकडे गेला आणि परत आला. भिंत आणि हस्तलिखित ही दोन्ही कामे एकाच काळात, एकाच हातून चालू होती. म्हणून कादंबरी ही चित्रकलेची भरपाई नाही. त्या दोन पृष्ठभागांवर एकच काम चालले होते असे म्हणणे आम्हाला अधिक योग्य वाटते.

या कामाचे स्वरूप काय, हे कादंबरीच्या रचनेतून स्पष्ट होते. 'लॅनार्क' चे चार खंड आहेत. पण पुस्तक उघडताच वाचकाला भेटतो तो तिसरा खंड. त्यानंतर प्रस्तावना, मग पहिला, दुसरा आणि शेवटी चौथा. उपसंहार आहे, पण तो पुस्तकाच्या अखेरीस नसून चार प्रकरणे आधीच येतो. पहिल्या दोन खंडांत डंकन थॉ नावाच्या मुलाची युद्धकाळापासूनची वास्तववादी कथा आहे. दमा, आईचा मृत्यू, कलाशाळा आणि चर्चमधील सृष्टिनिर्मितीचे भित्तिचित्र असे सारे त्यात येते. तिसऱ्या आणि चौथ्या खंडांत लॅनार्क नावाचा माणूस अनथँक या शहरात वावरतो. तेथे सूर्य जवळजवळ उगवतच नाही, माणसांच्या कातडीवर सरपटणाऱ्या प्राण्यासारखे कवच चढत जाते आणि रुग्णांना बरे करणारी संस्था बरे न झालेल्यांचेच इंधन व अन्न करते. थॉ आणि लॅनार्क हे एकाच माणसाचे दोन जन्म आहेत आणि ग्लासगो व अनथँक हे एकाच शहराचे.

पुस्तक एका क्रमाने वाचले जावे आणि मनात दुसऱ्या क्रमाने साठावे, असा या मांडणीमागील हेतू उपसंहारात सांगितला आहे. महाकाव्याच्या मधूनच आरंभ करण्याच्या प्राचीन प्रघाताचा आधारही तेथे दिलेला आहे. साहित्याचे विद्यार्थी येथे होमर-व्हर्जिलपाशी थांबतात आणि ते बरोबरच आहे. पण भिंतीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाचा अनुभवही आठवावा. भित्तिचित्राला पहिले पान नसते. दारातून आत येणाऱ्याची नजर जेथे पडेल तेथून चित्र सुरू होते. मग तो मागे सरतो, पुढे जातो, छताकडे पाहतो आणि क्रम नंतर मनात लावतो. दीर्घ काळ भिंती रंगवलेल्या माणसाने आपल्या कादंबरीला तिसऱ्या खंडाचे दार ठेवावे, यात आम्हाला केवळ आधुनिकोत्तर खेळ दिसत नाही.

आम्ही झेरॉक्समध्ये गमावलेली चित्रे याच व्यवस्थेचा भाग आहेत. चौथ्या खंडाचे मुखचित्र घ्यावे. सतराव्या शतकातील टॉमस हॉब्ज यांच्या 'लेव्हायथन' ग्रंथाच्या प्रसिद्ध मुखचित्रावर ते बेतलेले आहे. असंख्य माणसांच्या देहांनी बनलेला राजपुरुष भूप्रदेशावर उभा असलेला तेथे दिसतो. ज्या खंडात लॅनार्क एका राजकीय परिषदेला शहराचा प्रतिनिधी म्हणून जातो, सत्ता म्हणजे माणसांनीच बनलेले, माणसांनाच खाणारे शरीर आहे हे पाहतो आणि हात हलवत परततो, त्या खंडाच्या दारावर हे चित्र आहे. ते कथेची सजावट करत नाही, कथेच्या आधीच तिचा युक्तिवाद मांडून ठेवते. चित्र न पाहता ते प्रकरण वाचणाऱ्या आमच्या मंडळात 'हा राजकीय भाग कादंबरीत उपरा वाटतो' असे मत एकमुखाने पडले होते. मूळ प्रत फिरल्यानंतर ते मत आम्हाला मागे घ्यावे लागले.

कादंबरीतील एक प्रसंग येथे सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. थॉ आणि त्याचा मित्र एका उंचवट्यावरून शहराकडे पाहत आहेत. शहर भव्य असूनही कोणाच्या डोळ्यांत का भरत नाही, असा प्रश्न निघतो. थॉचे उत्तर असे : फ्लॉरेन्स, पॅरिस, लंडन येथे पहिल्यांदा जाणारा माणूसही परका नसतो, कारण चित्रांतून, कादंबऱ्यांतून, इतिहासातून तो तेथे आधीच राहून आलेला असतो, ज्या शहराचा कलावंतांनी उपयोग केलेला नाही, त्यात त्याचे स्वतःचे रहिवासीसुद्धा कल्पनेने राहत नाहीत. हा उतारा पुढे स्कॉटिश साहित्यचर्चेत इतक्या वेळा उद्धृत झाला की तो जवळजवळ जाहीरनामाच ठरला. आम्हाला त्यात लक्षणीय वाटते ते हे, की हा विचार चित्रकलेचा विद्यार्थी शहराकडे पाहताना मांडतो. शहर आधी दिसायला हवे, मग त्यात राहता येईल, असा तो क्रम आहे.

'लॅनार्क' अखेर २५ फेब्रुवारी १९८१ रोजी एडिनबरोच्या 'कॅनगेट' या लहानशा प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. लेखकाचे वय सेहेचाळीस होते आणि आरंभापासून सुमारे पावशतक लोटले होते. मधल्या काळात बरेच घडले होते. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात समीक्षक फिलिप हॉब्सबॉम यांच्या ग्लासगोतील लेखकमंडळात ग्रे यांची जेम्स केल्मन, लिझ लॉकहेड, टॉम लेनर्ड यांच्याशी गाठ पडली होती. १९७७ मध्ये 'पीपल्स पॅलेस' या ग्लासगोच्या लोकजीवनाला वाहिलेल्या संग्रहालयाने, एल्स्पेथ किंग यांच्या कारकीर्दीत, त्यांना शहराचा 'चित्रनोंदकार' म्हणून नेमले होते. पालटत चाललेले रस्ते आणि तेथील नामवंत व सामान्य माणसे रेखाटून ठेवायची, असे हे काम. त्याच वर्षी ते ग्लासगो विद्यापीठात निवासी लेखक झाले. १९७९ च्या मार्चमध्ये स्कॉटलंडला स्वतंत्र विधिमंडळ मिळण्यासाठी सार्वमत झाले. मतदान करणाऱ्यांत होकाराचे बहुमत असूनही एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांची अट पुरी न झाल्याने ते व्यर्थ गेले. एका खचलेल्या देशाच्या हाती दोन वर्षांनी हे पुस्तक पडले. मुखपृष्ठ, मुखचित्रे आणि मजकुराची मांडणी या सर्वांवर लेखकाची मुद्रा होती. १९८४ मध्ये अँथनी बर्जेस यांनी निवडलेल्या ९९ उत्तम इंग्रजी कादंबऱ्यांत तिचा समावेश झाला.

यापुढे ग्रे यांच्या कारकिर्दीत भिंतीचे गुण हळूहळू पुस्तकात उतरत गेले. १९८३ च्या 'अनलाइकली स्टोरीज, मोस्टली' या कथासंग्रहात त्यांनी एक शुद्धिपत्र घातले. आपल्याकडील जुन्या पुस्तकांत चिकटवलेल्या शुद्धिपत्रांची सवय असलेला वाचक ते उत्सुकतेने वाचू लागतो. त्यावर एवढेच छापलेले, की हा कागद येथे चुकून घातला गेला आहे. गंमतीचा भाग सोडला तरी यात एक जाणीव आहे. पुस्तक ही वस्तू आहे. तिला कागद, कडा, मागची बाजू आहे आणि या प्रत्येक ठिकाणी लेखक काही करू शकतो. १९८४ ची '१९८२, जॅनीन' ही कादंबरी एका हॉटेलच्या खोलीत एका रात्रीत घडते. सुरक्षा-यंत्रणा बसवण्याचे काम करणारा जॉक मॅक्लीश हा एकाकी मद्यपी आपल्या कामुक कल्पनांत दडून बसण्याचा प्रयत्न करतो. त्याच्या फसलेल्या आयुष्याच्या आणि त्याच्या देशाच्या राजकारणाच्या आठवणी त्या कल्पना फोडून आत येतात. तो आत्महत्येचा प्रयत्न करतो त्या प्रकरणात मजकूर स्तंभांत फाटतो, कडेने चढतो, उलटा होतो. अनेक आवाज एकाच वेळी पानावर दिसतात. एकामागून एक ओळ वाचण्याची सोय तेथे संपते आणि पान पाहावे लागते. ही कादंबरी ग्रे यांना स्वतःची सर्वोत्तम वाटे. स्त्रीदेहाविषयीच्या तिच्यातील कल्पनाचित्रांमुळे तिला कठोर विरोधही झाला आणि तो अनाठायी होता असे आम्ही म्हणणार नाही. शोषणाचे चित्र काढणारा हात त्या चित्रात रमलेला नाही ना, हा प्रश्न ही कादंबरी वाचकावर सोडते आणि तो सहज सुटणारा नाही.

१९९२ च्या 'पुअर थिंग्ज' मध्ये चित्र हे पुराव्याचे काम करते, तेही खोट्या पुराव्याचे. ग्रे येथे 'संपादक' होतात. आर्चिबाल्ड मॅकँडलेस या व्हिक्टोरियन डॉक्टरचे आत्मकथन 'पीपल्स पॅलेस' च्या एका कर्मचाऱ्याला रस्त्यावर टाकून दिलेल्या जुन्या कागदपत्रांत सापडले, असे ते सांगतात. बुडून मेलेल्या गर्भवती स्त्रीच्या मस्तकात तिच्याच अर्भकाचा मेंदू बसवून गॉडविन बॅक्स्टर या शल्यविशारदाने बेला नावाची स्त्री निर्माण केली, ही त्या आत्मकथनाची कथा. त्यापाठोपाठ त्या स्त्रीचे, म्हणजे डॉक्टर व्हिक्टोरियाचे पत्र येते : नवऱ्याने लिहिलेले हे सारे थोतांड आहे, मी कोणाची निर्मिती नाही. त्यानंतर संपादकाच्या टिपा, जुन्या शहराची चित्रे, शरीररचनेच्या ग्रंथातील आकृत्या. व्यक्तिचित्रे ग्रे यांनीच काढलेली, पण ती विल्यम स्ट्रँग या एकोणिसाव्या शतकातील खऱ्या कोरीवचित्रकाराच्या नावावर टाकलेली. चित्र असले म्हणजे आपण विश्वास ठेवतो, या वाचकाच्या सवयीवर कादंबरीचा डोलारा उभा आहे. आणि एका स्त्रीची कथा कोणी सांगायची हा तिचा खरा प्रश्न त्या डोलाऱ्यातूनच उभा राहतो. या कादंबरीला व्हिटब्रेड आणि गार्डियन हे दोन्ही पुरस्कार मिळाले. शहराने टाकून दिलेल्या कागदांच्या ढिगातून ही कथा निघते, याचीही नोंद घ्यावी. पाडापाडीच्या त्या दशकांची आठवण ग्रे यांना विनोदातही सोडत नव्हती.

लेखक म्हणून मान्यता मिळाल्यानंतर भिंतीही परत आल्या. डनफर्मलिनच्या ॲबट्स हाउसमध्ये १९९० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी काम केले. २००३ च्या सुमारास ग्लासगोच्या पश्चिम भागातील एका जुन्या चर्चच्या छतावर त्यांनी काम सुरू केले. त्या इमारतीचे 'ओरान मोर' नावाचे मद्यगृह आणि कलाकेंद्र झाले होते. निळ्या आकाशातील तारे, राशी, आदम आणि हव्वा, माणूस कोठून आला आणि कोठे जाणार हे प्रश्न असे ते विशाल छत अनेक वर्षे घडत राहिले. ब्रिजटनच्या चर्चमध्ये पंचविशीत रंगवलेला विषय सत्तरीत एका मद्यगृहाच्या डोक्यावर पुन्हा उगवला. भाविक उरले नव्हते. पण लोक येत होते आणि मान वर करून पाहत होते. २०१२ मध्ये निकोल व्हीटली यांच्या सहकार्याने हिलहेड या भुयारी रेल्वेच्या स्थानकात फरशांवरचे त्यांचे भित्तिचित्र लागले. २०१० मध्ये 'अ लाइफ इन पिक्चर्स' हे चित्रमय आत्मचरित्र आले. त्यात नष्ट झालेल्या कामांचीही नोंद त्यांनी ठेवली. २०१४-१५ मध्ये केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयात मोठे सिंहावलोकनी प्रदर्शन झाले. २०१५ मध्ये पडल्यामुळे मणक्याला गंभीर इजा होऊन त्यांना चाकाच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला, तरी काम चालू राहिले. दान्तेच्या महाकाव्याच्या त्यांनी केलेल्या रूपांतराचे पहिले दोन भाग २०१८ आणि २०१९ मध्ये आले. तिसरा २०२० मध्ये, मरणोत्तर. २९ डिसेंबर २०१९ रोजी, पंच्याऐंशीव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, ग्लासगोतच त्यांचे निधन झाले.

येथपर्यंतची कथा सुफळ संपूर्ण वाटेल. पण ती तशी नाही. 'पुअर थिंग्ज' वर योर्गोस लँथिमोस यांनी काढलेला चित्रपट २०२३ मध्ये आला. पूर्वी ते ग्रे यांना भेटायला ग्लासगोला गेले होते आणि ग्रे यांनी त्यांना कादंबरीतील शहर फिरून दाखवले होते. चित्रपटात मात्र ग्लासगो नाही. बेलाचे घर लंडनमध्ये आहे. व्हिक्टोरियाचे पत्र नाही, संपादक नाही, टिपा नाहीत. या चित्रपटाला २०२४ मध्ये चार ऑस्कर मिळाले. एक अभिनेत्री एमा स्टोन यांना आणि उरलेले तीन कलादिग्दर्शन, वेशभूषा व रंगभूषा यांसाठी, म्हणजे दृश्यरूपासाठी. दिग्दर्शकाने मूळ कृतीशी प्रामाणिक राहावे असा आमचा आग्रह नाही. चित्रपट ही स्वतंत्र कृती आहे आणि बेलाच्या डोळ्यांनी जग पाहण्याचा त्याचा निर्णय समर्थनीय आहे. पण ज्या चित्रकार-लेखकाने आपले शहर दिसावे म्हणून आयुष्य वेचले, त्याची कृती जगात सर्वदूर पोचली ती ते शहर वगळून, यातला सल मान्य करायला हवा. थॉने उंचवट्यावरून विचारलेला प्रश्न अजून संपलेला नाही.

आमच्या प्रतिपादनावर एक रास्त आक्षेप घेता येईल. चित्रांवर इतका भर दिल्याने शब्दांचे मोल कमी होत नाही का? 'लॅनार्क' चे भाषांतर झाले आणि चित्रे छापली नाहीत, तर ती कादंबरी उरणार नाही का? उरेल. थॉचे बालपण, आईच्या मृत्यूचे प्रकरण, लॅनार्कचे अखेरचे म्हातारपण यांना चित्राचा टेकू लागत नाही. ग्रे यांची काही रेखाटने त्यांच्या गद्यापेक्षा उणी आहेत आणि तेच तेच चेहरे पुस्तकामागून पुस्तकात येतात, हेही खरे आहे. पण आम्ही चित्रांची बाजू मांडतो ती त्यांच्या स्वतंत्र गुणवत्तेसाठी नव्हे. पुस्तक कोठे संपते हे कोण ठरवते, हा आमचा मुद्दा आहे. ग्रे यांच्या मते ते मुखपृष्ठापासून अखेरच्या पानावर छापलेल्या निरोपाच्या शब्दापर्यंत अखंड असते. त्यातले 'साहित्य' वेगळे काढून अभ्यासक्रमात लावणे ही सोय आपली आहे, त्या कृतीची नव्हे.

भिंतीला एकच मालक असतो आणि तो ती पाडू शकतो. पुस्तकाच्या हजारो प्रती असतात, म्हणून ते टिकते, असे आपण मानतो. ग्रे यांच्या कारकिर्दीने हे एका अर्थी खरे ठरवले : ब्रिजटनची भिंत गेली, पण थॉची भिंत कोणाला पाडता आली नाही. मात्र हजारो प्रतींना हजारो मालक असतात आणि प्रत्येकाला आपापल्या प्रतीत थोडी पाडापाडी करण्याची मुभा असते. आमच्या मंडळाने ती केली होती, केवळ झेरॉक्सचे पैसे वाचावेत म्हणून.

पुढच्या बैठकीपूर्वी ती वगळलेली पाने आम्ही काढून आणली आणि ज्याच्या त्याच्या प्रतीत योग्य जागी लावून दिली. मग पहिल्या, म्हणजे तिसऱ्या, खंडापासून वाचन पुन्हा सुरू झाले.